भयचित्रकथा आणि निनावी हात

लोकप्रिय कलेविषयी बोलताना आपली समीक्षा दोनच प्रश्न विचारते : विषय काय आणि परिणाम काय. चित्र कोणी काढले, त्याखाली त्याचे नाव होते काय, हे प्रश्न तिला कलाबाह्य वाटतात. मला ते कलेच्या मुळाशी असलेले प्रश्न वाटतात. १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत निघालेल्या भयचित्रकथा या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत.

१९५० साली 'ईसी' या प्रकाशनसंस्थेने 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' आणि त्याच जातीची आणखी दोन नियतकालिके काढली. किंमत दहा सेंट, कागद वर्तमानपत्री. यातील पुष्कळ कथांचा सांगाडा एकच : कोणी दुबळ्याला लुबाडतो, मारतो, कायदा त्याचे काही करू शकत नाही, मग मेलेला माणूसच थडग्यातून उठून हिशेब मागतो. ग्रॅहम इंगल्सने रेखाटलेली ती कुजलेली, चिखलाने माखलेली प्रेते नुसती किळस आणत नाहीत. जिवंतांच्या जगात न्याय उरला नाही, असे ती सांगतात. या कथांतले क्रौर्य, विशेषतः स्त्रीदेहाचा बाजार, मी नाकारीत नाही. पण अभिजनांनी त्यांना सरसकट कचरा ठरवले, ते मला मान्य नाही.

इंगल्सला 'घॅस्टली' अशी सही करता येई. ईसी आपल्या चित्रकारांचा परिचयही छापत असे. म्हणून ते आज आठवले जातात. इतर अनेक प्रकाशनांत पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, अक्षरे तिसऱ्याची, रंग चौथ्याचे आणि पानावर नाव बहुधा कोणाचेच नाही. मूळ चित्रेही प्रकाशकाच्या ताब्यात जात. अशा ठिकाणी ॲल्विन हॉलिंग्जवर्थ हा कृष्णवर्णीय चित्रकार काम करीत होता. १९२८ साली हार्लेममध्ये जन्मलेला हा माणूस पोरवयातच या धंद्यात आला आणि त्याने छोट्या प्रकाशकांसाठी भयकथा रेखाटल्या. छापील पानावर चित्रकाराच्या कातडीचा रंग दिसत नाही. ज्या समाजात बहुतेक दारे त्याच्या वर्णाला बंद होती, तिथे हे दार किलकिले राहण्याचे एक कारण हेच असावे, असे मला वाटते. पण ज्या अदृश्यतेने त्याला काम दिले, तिनेच त्याचे नाव पुसले.

या इतिहासातली दुसरी गुंतागुंत अधिक बोचणारी आहे. भयचित्रकथांवर हल्ला चढवणारा मनोवैद्य फ्रेडरिक वर्थॅम वंशद्वेष्टा नव्हता. १९४६ साली त्याने हार्लेममध्येच गोरगरिबांसाठी मानसोपचाराचे केंद्र उघडले. तिथे शुल्क पंचवीस सेंट होते. शाळांतील वर्णभेदाविरुद्ध १९५१ साली त्याने न्यायालयात साक्ष दिली. चित्रकथांतील वर्णद्वेषावरही त्याने बोट ठेवले. १९५४ साली त्याचे पुस्तक आले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेट उपसमितीची चौकशी झाली. तिथे तुटलेले मुंडके धरलेल्या खुन्याचे एक मुखपृष्ठ गाजले. ते जॉनी क्रेगने काढले होते. पण चर्चा झाली ती प्रकाशक विल्यम गेन्सच्या अभिरुचीची. कलावंताला तिथे जागाच नव्हती.

ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता केली. शीर्षकातून 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द गेले. चालती प्रेते, रक्तपिपासू, लांडगेमाणसे निषिद्ध ठरली. वर्णाची टवाळी करू नये, असेही कलम त्यात होते. पुढे ईसीने जो ऑर्लँडोने रेखाटलेली 'जजमेंट डे' ही वर्णभेदविरोधी विज्ञानकथा पुन्हा छापायला घेतली, तेव्हा शेवटच्या चौकटीतल्या कृष्णवर्णीय अंतराळवीराला याच संहितेच्या प्रशासकाने हरकत घेतली. गेन्सने माघार घेतली नाही आणि १९५६ साली कथा छापली. प्रेतांना बंदी समजू शकते. काळ्या माणसाच्या सन्माननीय चेहऱ्याला हरकत, याला कोणती नीती म्हणायचे?

हॉलिंग्जवर्थ पुढे चित्रकार म्हणून पुढे आला. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या 'स्पायरल' या कृष्णवर्णीय कलावंतांच्या गटात तो होता. नंतर त्याने महाविद्यालयात अध्यापन केले. २००० साली तो वारला. त्याची चित्रकला ही कला आणि भयचित्रकथा ही पोटापाण्याची हमाली, अशी वाटणी मला मान्य नाही. हात एकच होता.

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. तेथील कृष्णवर्णीयांचे काव्य, कादंबरी, आत्मकथन आपण आस्थेने वाचतो. पण त्यांचे श्रम केवळ ग्रंथांत नव्हते. दहा सेंटच्या, वाचून फेकून दिलेल्या पानांतही होते. ती पाने उघडून कोणती रेषा कोणाची हे शोधणे, हेही समीक्षेचेच काम आहे. श्रमाला नाव देण्याची मागणी करणाऱ्यांनी तरी ते कमी प्रतीचे मानू नये.