सायकलीचा घसारा

पुण्यात सायकलींचे संग्रहालय काढायला छाती लागते. पेशवेकालीन अडकित्ते मांडले तर माणसे मुकाट्याने बघून जातात, कारण त्यातले कोणालाच फारसे कळत नाही. सायकलीचे तसे नाही. चाळिशीपुढचा प्रत्येक पुणेकर सायकलीतला तज्ज्ञ असतो. तो तिथे बघायला जात नाही, तपासायला जातो.

मीही गेलो. विक्रम पेंडसे यांनी कर्वेनगरात २०१७ साली हे संग्रहालय लोकांना खुले केले. एका माणसाने हौसेने जमवलेल्या, खटपट करून चालत्या केलेल्या शंभराहून जास्त सायकली! बरोबर आमच्या सौ. होत्या. 'अर्ध्या तासात निघायचं हं,' अशी मुदत त्यांनी घातली होती. मुदत ठेवींचे काम रोजचेच असल्यामुळे मी तिचे दोनदा नूतनीकरण करून घेतले.

पहिला मान दुसऱ्या महायुद्धातल्या बी.एस.ए. पॅराट्रूपरला. चौकटीवरचे दोन नट हाताने सैल केले की ही सायकल मधोमध दुमडते आणि पुढचे चाक मागच्याशेजारी येऊन बसते. छत्री घेऊन विमानातून उतरणाऱ्या सैनिकासाठी ही सोय. छत्री आणि सायकल एकाच वेळी सांभाळण्याची कसरत आम्ही लक्ष्मी रस्त्यावर दर पावसाळ्यात केली, पण आम्हाला पदक कोणी दिले नाही.

संग्रह उत्तम, माया उघड दिसणारी. आता तक्रार. मला इथल्या कित्येक सायकली फार चकचकीत वाटल्या. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. ताळेबंदात आधी मूळ किंमत लिहितात, मग आजवरचा घसारा, मग उरलेली किंमत. घसाराच खोडला तर हिशेबतपासनीस लाल पेन काढतो. जुनी वस्तू नवी करणारे लोक नेमके तेच करतात. दुधाच्या कॅननी वाकलेले कॅरिअर सरळ होते, घासलेली मूठ बदलते, आणि सायकल कोणी कधी चालवलीच नसावी अशी उभी राहते.

आज ज्यांना माउंटन बाइक म्हणतात त्यांचा जन्मच मुळी घसाऱ्यातून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही पोरे जाड टायरच्या, १९३०-४०च्या सुमाराच्या जुन्या श्विन सायकली डोंगरावरून खाली सोडत. १९७६ साली तिथे शर्यत सुरू झाली. खाली पोचेपर्यंत मागच्या हबातल्या ब्रेकचे वंगण जळून धूर निघे, आणि हब उघडून नवे भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच 'रीपॅक'. ती सायकल पॉलिश करून ठेवली तर धूर कुठे दिसणार?

आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला हेच काम दर दिवाळीला करी. त्याला ओव्हरहॉलिंग म्हणत. रॉकेलच्या ताटलीत छर्रे पोहत असत. काढताना नऊ, बसवताना आठ. विचारले तर म्हणे, "तेवढं चालतं." तासाला रुपया भाड्याने सायकल देताना तो भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून वहीत लिही. ते घड्याळ आपण जाताना मागे असे आणि परत येताना पुढे. बँकेत इतकी वर्षे काढूनही व्याजाची ही पद्धत मला उलगडलेली नाही.

एक मात्र कबूल केले पाहिजे. पेंडशांसारखी माणसे नसती तर यातल्या बऱ्याच सायकली भंगारवाल्याच्या तराजूत गेल्या असत्या, आणि मी घसाऱ्यावर प्रवचन झोडायला कुठे गेलो असतो? सूचना एवढीच, की एखादी सायकल न रंगवता, मिळाली तशी, रंगवलेलीच्या शेजारी उभी करावी.

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. वडील गेल्यावर त्यांची रॅले तीन वर्षे जिन्याखाली पडून होती. गेल्या वर्षी मी ती रंगाऱ्याकडे नेली आणि बजावले, "अगदी नवी दिसली पाहिजे." त्याने तशीच दिली. घरी आणल्यावर मी नळीवर हात फिरवला. लहानपणी मला पुढे बसवायला वडील तिथे जुन्या टॉवेलची घडी सुतळीने आवळून बांधत. त्या सुतळीने वीतभर रंग खरवडून खालचे लोखंड दिसू लागले होते. आता तिथे काळाभोर आरसा झाला आहे, आणि त्यात माझे टक्कल दिसते. रंगाऱ्याचा काही दोष नाही. त्याने सांगितले तेच केले.

संग्रहालयातून परतताना हे सगळे मी सौ.ना ऐकवले. त्या म्हणाल्या, "मग चालवा परत वीस वर्षं. उडेल रंग."

दुसऱ्या दिवशी मी घरातला एक विरलेला टॉवेल आणि सुतळी शोधली, नळीवर घट्ट बांधली आणि बँकेत गेलो. दारावरचा रखवालदार बघत राहिला. म्हणाला, "साहेब, लहान मूल बसवायचं आहे का?"

मी "हो" म्हणालो आणि सही करायला आत गेलो. पाच मिनिटे उशीर झाला होता.