‘उपजत’ : क्रीडासमीक्षेतील एका विशेषणाची चिकित्सा

मराठी क्रीडालेखनात तरुण खेळाडूचे गुणवर्णन करताना ‘उपजत’ हे विशेषण जितक्या सढळ हाताने योजिले जाते, तितका त्याच्या अर्थाचा विचार होत नाही. त्याच्या विरोधात ‘मेहनती’ हा शब्द उभा केला जातो, आणि त्यात किंचित अनुकंपाही मिसळलेली असते. रूपदृष्ट्या ‘उपजत’ हे ‘वाढत’, ‘शिकत’ यांच्याच पंक्तीतले वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त काढणे योग्य नव्हे, हे खरे; पण चालू क्रियेचे हे रूप पूर्ण झालेल्या गोष्टीसाठी वापरले जावे, हे लक्षणीय आहे.

१९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस ढाल स्पर्धेत सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अखंडित भागीदारी केली. शाळा एक, शारदाश्रम. गुरू एकच, रमाकांत आचरेकर. १९९३ मध्ये कांबळी यांनी लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली. १७ कसोटींत त्यांची सरासरी ५४ हून अधिक राहिली, मात्र १९९५ नंतर ते कसोटी खेळले नाहीत. तेंडुलकर २०१३ पर्यंत २०० कसोटी खेळले. या तुलनेत कांबळी ‘उपजत’ आणि तेंडुलकर ‘परिश्रमी’ ठरविले जातात. पण सोळाव्या वर्षी कसोटीत उतरलेल्या तेंडुलकरांचा एकट्यांचा विचार चालू असला, की तेही ‘उपजत’च होतात. शेजारी कोण उभा आहे त्यावरून ज्याचा अर्थ बदलतो, तो शब्द खेळाडूचे वर्णन करीत नाही. तुलनेचा निकाल तेवढा सांगतो.

आचरेकरांचेच तिसरे शिष्य अमोल मुजुमदार. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा. तरी भारताकडून एकही कसोटी नाही. तेथे देणगी उणी पडली की अभ्यास? दोन्ही नव्हेत. मधल्या फळीत जागाच नव्हती. ‘उपजत-मेहनती’ या जोडीत या तिसऱ्या गोष्टीला घर नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रे हाताळणाऱ्या ‘क्वार्टरबॅक’विषयीही हाच घोळ आहे : टॉम ब्रेडी यांची २००० सालच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर वर्णी लागली, आणि पुढे त्यांनी सात अजिंक्यपदे मिळविली.

आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न अधिक नेमकेपणाने मांडला होता. मम्मट शक्ती, निपुणता व अभ्यास ही तीन कारणे सांगतो, परंतु ‘हेतु’ हा शब्द एकवचनी ठेवतो. तिन्ही मिळून एकच कारण, असे स्पष्टीकरणही देतो. पंडितराज जगन्नाथ एकट्या प्रतिभेस कारण मानतात खरे, पण ती प्रतिभा कधी अदृष्टाने तर कधी व्युत्पत्ती व अभ्यास यांनी निर्माण होते, असे म्हणतात. म्हणजे प्रतिभेचा कट्टर पक्षपातीही तिला घडण्याची मुभा देतो. आमचे क्रीडालेखक तितकीही देत नाहीत!

भाषाभ्यासकास येथे अक्कलकोटचे उदाहरण सुचणे साहजिक आहे. सीमेलगतच्या या गावात शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच मराठी व कन्नड सहज बोलणारी मुले आढळतात. चॉम्स्कींच्या मते भाषा आत्मसात करण्याचे सामर्थ्य जन्मजात आहे. तथापि कोणतेही मूल कन्नड घेऊन जन्मास येत नाही. तेच मूल पुण्याच्या मराठी घरात वाढते, तर कन्नडला मुकले असते, आणि त्याची बुद्धी उणी असे कोणी म्हटले नसते. सामर्थ्याचा वाटा किती व परिसराचा किती, हा हिशेब अशा एका मुलापुरता मांडताच येत नाही; कारण एकावाचून दुसरे दृष्टीसच पडत नाही.

सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णी यांनी २०२३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या. पुढील वर्षी १९ वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक केले. अशा वेळी ‘उपजत’ शब्दाचा मोह अनावर होतो. समीक्षकाने त्याऐवजी पाय कोठे पडला, कोणता चेंडू सोडला, गेल्या हंगामापेक्षा नवे काय साधले, हे सांगावे. ‘उपजत’ म्हटले की हे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. आणि उद्या धावा आटल्या, तर त्याच शब्दाच्या आधारे त्या मुलावर देणगी उधळल्याचा आरोप ठेवता येतो.