चाळीची चौकट आणि सोलापूरचा विणकर : एक चिकित्सा

एकोणिसाव्या शतकातील नागरी दारिद्र्याचा विचार करताना मराठी अभ्यासकासमोर प्रथम मुंबईची चाळ उभी राहते. कोकणातून वा घाटावरून एकटा आलेला पुरुष, अनेकांनी मिळून घेतलेली खोली, खाणावळ आणि गावी राहिलेले कुटुंब असे ते चित्र आहे. ते निराधार नाही. शतकाच्या अखेरीस मुंबईत शंभर पुरुषांमागे सुमारे साठच स्त्रिया होत्या. प्रश्न आहे तो हे चित्र सोलापूरला सरसकट लावण्याच्या सवयीचा.

या चित्राला भक्कम आधार दिला तो राजनारायण चंदावरकर यांच्या ‘द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया’ (१९९४) या ग्रंथाने. कामगाराचे गावाशी असलेले नाते हे मागासलेपणाचे लक्षण नसून अनिश्चित रोजगारात तगून राहण्याचा मार्ग होता, हे त्यांनी साधार दाखविले. त्यांचा कालखंड १९०० ते १९४० असला तरी आधीच्या काळावरही त्यामुळे प्रकाश पडतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार व जखमी कामगारास साहाय्य यांचा समावेश होता. खोलीचा प्रश्न त्यांत नव्हता. गिरणीमालक वेगळा, घरमालक वेगळा आणि खरे घर गावी, अशा स्थितीत हे मौन समजण्यासारखे आहे.

सोलापुरात मात्र ही संगती लागत नाही. १८६० मध्ये येथे रेल्वे आली. १८७६-७७ च्या दुष्काळापाठोपाठ १८७७ मध्ये पहिली गिरणी सुरू झाली. गिरणीबरोबरच हातमागाचा व्यवसायही वाढला आणि त्यात तेलंगणातून आलेल्या तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांचा वाटा मोठा होता. माग एकट्याने चालत नाही. पुरुष विणे, तर कांड्या भरणे, ताणा लावणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करीत. त्यामुळे येथील स्थलांतर बहुधा कुटुंबाचे होते आणि राहती खोली हाच कारखाना होता. आजारपण आले वा जागा सोडावी लागली, तर निवारा आणि रोजगार दोन्ही एकाच वेळी धोक्यात येत.

याचा परिणाम साधनांवरही झाला. १८८१ च्या कारखाना कायद्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांतील मुलांच्या कामाला मर्यादा घातली. घरातील माग त्याच्या कक्षेबाहेर राहिला. कांड्या भरणाऱ्या स्त्रीला स्वतंत्र मजुरी नव्हती, म्हणून मजुरीच्या तक्त्यांत ती सापडत नाही. केवळ गिरणीच्या दप्तरावर विसंबणारा अभ्यास सोलापूरचे निम्मे दारिद्र्य वगळूनच सुरू होतो.

डग्लस हेन्स यांनी ‘स्मॉल टाउन कॅपिटॅलिझम इन वेस्टर्न इंडिया’ (२०१२) मध्ये अशा कारागिरांना अर्थव्यवस्थेच्या केंद्रस्थानी आणले, हे त्यांचे मोठे योगदान होय. तथापि त्यांचा भर उत्पादन, भांडवल व व्यापार यांवर आहे. त्याच खोलीचा निवास म्हणून, म्हणजे झोप, स्वयंपाक, बाळंतपण आणि माग यांनी वाटून घेतलेली जागा म्हणून, विचार होणे आवश्यक आहे. त्यासाठी पूर्व भागातील कुटुंबांच्या तेलुगु मौखिक परंपरांकडे वळावे लागेल. सोलापूरच्या महाविद्यालयांना हे साधन दाराशीच उपलब्ध आहे. मुंबईची चौकट बाजूला ठेवल्याखेरीज ते दृष्टीस पडणार नाही.