जुन्या सागाची लेखणी : झिलई कुणाची, वय कुणाचे?

पुण्याच्या पेठांत वाडा उतरवला जातो तेव्हा सर्वांत आधी लाकूड बाहेर पडते. विटा, माती, कौले यांना फारसे कुणी विचारत नाही. तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, दिंडी दरवाजाची झडप यांचा मात्र सौदा आधीच झालेला असतो. हे लाकूड पूर्वी नव्या घरांच्या चौकटींत जाई, नंतर हॉटेलांच्या सजावटीत जाऊ लागले. अलीकडे त्याचा एक अगदी लहान वाटा लेथवर चढतो आणि शाईपेन होऊन बाहेर येतो. या लेखाचा विषय तो लहान वाटाच आहे. त्यातही त्याच्यावर शेवटी चढणारा, मिलिमीटरच्या अंशाएवढा जाडीचा थर. मराठीत त्याला आपण सरसकट ‘पॉलिश’ म्हणतो. मी इथे झिलई म्हणेन.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता. नात्यातल्या एका वाड्याचा खांब माझ्या वाट्याला आला आणि मत बदलले. नारायण पेठेतला हा वाडा १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात निम्मा बुडाला होता. खांबाच्या तळाशी उभ्या चिरा होत्या आणि त्यांत राखाडी, घट्ट बसलेला गाळ. शेजारी खिळ्याची दोन भोके होती आणि भोवती काळी वर्तुळे. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांची ओलाव्यात गाठ पडली की असा काळा डाग धरतो. ज्या कारागिराकडे लाकूड दिले त्याने हौसेने पहिले पेन करून आणले. चिरेतला गाळ खरवडून काढून तिथे पितळेचा चुरा भरला होता आणि वर सायनोअ‍ॅक्रिलेटचे, म्हणजे आपल्या घरगुती झटपट गोंदाच्याच जातीच्या रसायनाचे, दहा-बारा हात दिले होते. पेन आरशासारखे चमकत होते. घरात सगळ्यांना आवडले. मला ते प्लास्टिकचे वाटले, पण का वाटले हे सांगता येईना.

या ‘का’चे सोपे उत्तर नॉस्टॅल्जियावाले देतात : जुन्या वस्तूचे जुनेपण झाकू नये. पण ते इथे लागू पडत नाही. लाकडाचे जुनेपण सर्वांत जास्त असते ते पृष्ठभागावर. दीडशे वर्षांचा धूर, तेलकट हात, चुन्याचे शिंतोडे, उन्हाने आलेला करडेपणा, हे सगळे वरच्या दोन-चार मिलिमीटरांत असते. लेथवर पटाशी टेकली की पहिल्या मिनिटात जाते ते नेमके हेच. आत जे निघते ते मधासारख्या रंगाचे, बरेचसे तरुण दिसणारे लाकूड. सागाला दरवर्षी स्पष्ट वलय पडते, आणि उष्ण कटिबंधातल्या फार थोड्या झाडांना हा गुण आहे. म्हणूनच आपल्या पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढण्याचे काम झाले. पण पेनाची जाडी तेरा-चौदा मिलिमीटर. त्यात वलये मावतात पाच-सहा, फार तर आठ. म्हणजे ‘दोनशे वर्षांच्या वाड्याचे पेन’ म्हणून जे हाती येते त्यात झाडाच्या आयुष्यातली पाच-सहा वर्षे असतात आणि वाड्याच्या आयुष्यातले जवळजवळ काहीच नसते.

त्यामुळे झिलईचा प्रश्न ‘जुने झाकावे की दाखवावे’ असा उरत नाही. लेथने जुने काढून टाकलेलेच असते. प्रश्न असा की, त्याच्या जागी काय बसवायचे.

प्राचीन लाकडाच्या पेनांचे वेड युरोपातून आले. तिथे दलदलीत हजारो वर्षे गाडले गेलेले ओक टॅनिन आणि लोहाच्या संयोगाने काळेभोर होते. न्यूझीलंडच्या उत्तर भागातल्या दलदलींतून निघणारे कौरी तर त्याहून फार जुने. काही खोडांचे वय कार्बनमापनाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे पन्नास हजार वर्षांच्या आसपास जाते. या दोन लाकडांवर एकच झिलई चढवणे हा माझ्या मते निव्वळ आळस आहे. कौरी सोनेरी असते आणि त्याच्या तंतूंची दिशा अशी वळणे घेते की पेन फिरवताना आतून उजेड हलल्यासारखा दिसतो. हा उजेड दिसायला पारदर्शक, जाड, चकचकीत थर हवाच. कोरड्या लाकडाच्या पेशींतली हवा प्रकाश विखरून टाकते. पोकळीत राळ किंवा तेल शिरले की विखुरणे कमी होते, प्रकाश खोल जातो आणि रंग ओल्यासारखा गडद होतो. कौरीला हे मानवते. काळ्या ओकला मानवत नाही. त्याचे सगळे वैभव खडबडीत काळेपणात असते. त्यावर चमक आली की तो एबोनाइटच्या कांडीपासून वेगळा ओळखू येत नाही, आणि मग एबोनाइटच का घेऊ नये?

साग या दोहोंच्या मधला. त्यात स्वतःचे तेल असते आणि वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, असतो. सिलिका पटाशीची धार घालवते. तेल गोंदाला नीट पकडू देत नाही, म्हणून कारागीर आधी अ‍ॅसिटोनने पुसून घेतात. थोडा विचार केला तर यातली गंमत लक्षात येते. ज्या तेलामुळे हे लाकूड दीडशे पावसाळे टिकले, ते पृष्ठभागावरून पुसून काढून त्याच्या ‘संरक्षणा’साठी बाहेरचे रसायन लावायचे!

आता लाखेकडे येऊ. मराठी माणसाला या प्रकरणात अभिमान वाटावा अशी जागा ही आहे, आणि ती आपण विसरलो आहोत. पळस, बोर, कुसुम यांवर वाढणाऱ्या किड्याची ही राळ. तिच्यावर संशोधन करण्यासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ साली स्वतंत्र संस्था निघाली, इतके तिचे महत्त्व होते. बालगंधर्वांचा आवाज घराघरात गेला तो लाखेच्याच तबकड्यांवरून. कातारी लाख लावतो ती ब्रशने नव्हे. लाकूड फिरत असते, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते, घर्षणाने लाख वितळते आणि पसरते. सावंतवाडीची खेळणी, पाळण्याचे रंगीत दांडे यांची ही जुनी विद्या. आज पेनवाले ‘फ्रिक्शन पॉलिश’ नावाची बाटली महाग घेतात. तिच्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आणि थोडे मेण असते, आणि लावण्याची कृती तीच : फिरते लाकूड, दाब, उष्णता. नवे आहे ते नाव.

लाखेचा शाईशी संबंध तर आणखी जवळचा. टाकणखाराच्या पाण्यात लाख विरघळते. त्यात काजळ घोटले की पाण्याने न पुसली जाणारी शाई होते. आपल्या पोथ्यांच्या शाईच्या कृतींत लाख आहे. म्हणजे एकच राळ कधी लेखणीच्या अंगावर बसली आणि कधी तिच्या तोंडून उतरली. अभ्यासकांनी या धाग्याकडे पाहायला हवे.

पण लाखेचे गुणगान करून थांबणे खोटेपणाचे होईल. माझे दुसरे पेन लाखेचे होते. दिसायला ते पहिल्याहून फार सुंदर झाले : ऊबदार तांबूस झाक, चमक होती पण टोचत नव्हती. लाखेचे शत्रू तीन : उष्णता, क्षार आणि मद्यार्क. करोनानंतर आपल्या हातावर काय असते ते वाचकांना ठाऊक आहे. दवाखान्यात नाव लिहिण्यापूर्वी सॅनिटायझर चोळले आणि पेन उचलले. बोटांचे तीन ठसे कायमचे उमटले. पुण्याचा मे महिना आणि घामेजलेला तळवा यांपुढेही ती चिकटसर होते. सायनोअ‍ॅक्रिलेटला यातले काही होत नाही, हे त्याच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. रोज कार्यालयात वापरायच्या पेनाला कारागीर ते सुचवतो तेव्हा तो चुकत नसतो.

इथे एका परक्या पण उपयोगी विचारवंताचे नाव घ्यावेसे वाटते. व्हिएन्नाचा कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये स्मारकांवरच्या आपल्या निबंधात जुन्या वस्तूंच्या मूल्यांची फोड केली. त्यात एक आहे वयाचे मूल्य : काळाच्या खुणांनी, झिजेने मिळणारे. त्याच्या समोर उभे आहे नवेपणाचे मूल्य : अखंड, गुळगुळीत, आताच घडवलेल्या वस्तूचे. लोकांना दुसरे अधिक भावते हे रीगलने ओळखले होते. तिसरे आहे वापराचे मूल्य. घरच्यांना माझे पहिले पेन का आवडले आणि मला का नाही, याचा उलगडा या मांडणीतून झाला. त्या पेनात वयाची किंमत वसूल केली होती आणि माल नवेपणाचा दिला होता. पितळेचा चुरा याच व्यवहाराची पावती. चीर हवी, कारण ती ‘जुने’ म्हणून विकली जाते. पण गाळ नको, कारण तो खरोखर जुना आहे.

तरी रीगल वास्तूंबद्दल बोलतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपासून आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही, लावूही नये. तिथे वापराचे मूल्य गप्प बसते. लेखणीचे तसे नाही, ती दिवसातून चार वेळा हातात येते. तानिझाकी याने १९३३ च्या सुमारास सावल्यांवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हाताच्या स्पर्शाने वस्तूंवर चढणाऱ्या मळकट तेजाची बाजू घेतली आहे. शाईपेन जर पूर्वेकडे जन्मले असते तर त्याला निबेऐवजी कुंचला असता, अशी कल्पनाही त्यात आहे. गमतीचा भाग असा की, जपानी पेनांवर जी उरुशी झिलई आली ती मुळात सौंदर्यासाठी नव्हे; एबोनाइट उन्हाने विटे, ते विटू नये म्हणून. सौंदर्य मागाहून आले.

आपल्याकडे या विचारासाठी जपानपर्यंत जायची गरज नव्हती. जात्याचा खुंटा आठवावा. त्याला कुणी कधी पॉलिश केले? मुसळाची मधली कंबर, रवीचा दांडा, वाड्याच्या जिन्याचा कठडा, ही सगळी लाकडे हातांनी झिलईला आणलेली आहेत. आणि बोरू! बोरूला झिलई नसतेच. त्याची साल उपजतच तुकतुकीत. शतकानुशतके मराठी लिहिले गेले ते बिनझिलईच्या लेखणीने. माझ्या दृष्टीने जुन्या सागाच्या पेनाचे नाते या परंपरेशी आहे, दुकानातल्या काचेच्या कपाटाशी नाही.

म्हणून तिसरे पेन मी अळशीच्या तेलाचे करून घेतले. कारागिराने आधी नकार दिला. त्याचे म्हणणे साधे होते : ‘साहेब, चमक नसली की लोक म्हणतात काम अर्धवट राहिलंय.’ त्याच्या धंद्याच्या जागी तो बरोबर होता, आणि टीकाकाराने हे विसरू नये की दोष गिऱ्हाइकाच्या नजरेत आहे, कारागिराच्या हातात नाही. शेवटी तो तयार झाला. बारीक पॉलिशपेपर, उकळलेल्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येकानंतर आठवडाभर वाळवण, वर थोडे मधमाशीचे मेण. टोपणाच्या आट्या मात्र लाकडात पाडू नयेत, झिजतात. आत एबोनाइटची नळी घातली, बोटे टेकतात तो भागही एबोनाइटचा ठेवला, म्हणजे शाई लाकडाला शिवत नाही. चिरेतला गाळ राहू दिला. फक्त तो सुटू नये म्हणून पातळ लाखेचा एक थेंब आत सोडला. खिळ्याचा काळा डाग टोपणावर आला आहे.

या पेनाला दोन वर्षे झाली. तेलाची झिलई पाण्याला फारशी दाद देत नाही, पण ओरखड्यापुढे दुबळी आहे. दर सहा महिन्यांनी तेलाचे बोट फिरवावे लागते आणि कंटाळा येतो. गेल्या पावसाळ्यात चिरेतला गाळ कडेने थोडा सुटला. तिथे निळी शाई शिरली, तिची केसासारखी रेघ उमटली आहे. कारागीर म्हणाला, भरून देतो. मी पेन अजून त्याच्याकडे दिलेले नाही. अंगठा टेकतो त्या बाजूला लाकूड गडद होऊ लागले आहे, दुसरी बाजू अजून फिकीच आहे.