चाल आणि भाषा : स्पॅनिश गीतांविषयीं थोडेंसें

परकी भाषा गाण्यांतून सहज येते, असें आजकाल पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें; आणि स्पॅनिशविषयीं तर तें फारच ठासून सांगण्यांत येतें. हें मत ज्यांना ग्राह्य वाटतें त्यांच्यांत दोन वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकहि होता. पन्नाशी ओलांडल्यावर व्याकरण घोकण्याचा उत्साह उरत नाहीं. तेव्हां गातां गातां एखादी भाषा पदरांत पडली तर बरेंच, असा हा आळशी माणसाचा हिशेब. तो अर्धा बरोबर निघाला. कोणता अर्धा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

स्पॅनिश बोलणारा मनुष्य शब्द सुटे उच्चारीत नाहीं. एका शब्दाच्या अंतीं स्वर आणि पुढच्याच्या आरंभींहि स्वर आला, कीं दोन्ही मिळून बहुधा एकच अक्षर होतें. ‘तो बोलणार आहे’ या अर्थाचे तीन शब्द कागदावर ‘वा आ आब्लार’ असे असतात. कानावर येतें तें ‘वाब्लार’. आपल्या संधीसारखाच हा प्रकार. मात्र आपण संधि लिहितों, ते लिहीत नाहींत. म्हणून केवळ पुस्तकावर विसंबणाऱ्याला बोललेलें वाक्य ओळखूंच येत नाहीं. गाण्यांत ही अडचण लपून राहत नाहीं. तीन स्वरांच्या वांट्याला तेथें एकच सूर आलेला असतो, आणि ते सुटे म्हणूं गेल्यास गाणारा तालाच्या मागें पडतो. या नियमाचें पान मीं व्याकरणांत तीनदां वाचलें असेल. नियम अंगीं लागला तो गाण्यानें.

शिवाय तेथील लोकगीतांचा छंद मराठी माणसाला परका वाटत नाहीं. लघु-गुरूंचा जाच नाहीं. आपल्या अभंगाप्रमाणें अक्षरें मोजावयाचीं. पुष्कळ गीतांचे चरण आठ अक्षरांचे. गंमत एवढीच, कीं शेवटच्या अक्षरावर आघात असला तर सात अक्षरेंच आठ म्हणून धरतात. क्यूबाचे कवि होसे मार्ती यांच्या १८९१ सालच्या ‘वेर्सोस सेन्सीयोस’, म्हणजे ‘साध्या कविता’, अशाच अष्टाक्षरी आहेत. त्यामुळेंच पुढें त्यांतलीं कडवीं ‘ग्वान्तानामेरा’च्या चालीवर बिनतक्रार बसलीं.

परंतु माझ्या मतें शिकणाऱ्यानें प्रथम चिलीच्या व्हियोलेता पार्रा यांच्याकडे जावें. ‘ग्रासियास आ ला व्हिदा’ हें त्यांचें १९६६ मधलें गीत, जीवनाचे आभार मानणारें. सहा कडवीं, प्रत्येकाचा आरंभ एकाच वाक्यानें, आणि त्यानंतर जीवनाचें एकेक देणें : डोळे, कान, शब्द आणि वर्णमाला, थकलेले पाय, हृदय, शेवटीं हंसूं आणि रडूं. स्पॅनिशमधील पूर्ण वर्तमानकाळ आणि त्याच्या आधीं येणारें ‘मला’ हें सर्वनाम सहा वेळां कानांवर पडतें, तें पुन्हां विसरणें नाहीं. पण वाक्य तेंच असलें तरी त्याचें वजन तेंच राहत नाहीं. डोळ्यांबद्दल मानलेले आभार आणि अश्रूंबद्दल मानलेले आभार यांत जें अंतर आहे तें कवयित्रीनें एकहि विशेषण न वाढवितां दाखविलें आहे. पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी १९६७ मध्यें, त्यांनीं स्वतःच्या हातानें आपलें जीवन संपविलें. अशा गीतावर आपण क्रियापदें घोटीत बसावें याची मला थोडी लाज वाटली. घोटलीं खरीं.

आतां चुकलेला अर्धा. ‘कान्तो’ या शब्दांत पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी गातों’. शेवटच्यावर दिला तर ‘तो गायला’. साऱ्या भाषेचा कणाच हा आघात. आणि चाल बांधणारा मात्र पाहिजे त्या अक्षरावर सूर लांबवूं शकतो. आमच्या गांवीं दक्षिण अमेरिकेंतून एक विदुषी आल्या होत्या. त्यांना मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, कीं मी गातों आणि शिकतों. त्यांनीं सौम्यपणें विचारलें, “कोण गायला?” पुढें त्यांनीं मोटार किती वाजतां सुटते असें विचारलें, तेव्हां चंद्र, विस्मृति, आसवें यांचे शब्द माझ्या जिभेवर आले, वेळापत्रकाचा एकहि येईना. चालीवर पाढे म्हणणाऱ्या मुलाला ‘सात नवे किती’ असें अवचित विचारलें, तर तें बिचारें ‘सात एके सात’पासून धांवत येतें. माझी स्पॅनिश त्याच इयत्तेंतली होती.

गाणीं निवडतांना भाषा कोणत्या मुलखाची आहे हेंहि पाहावें लागतें. कार्लोस गार्देल यांचीच दोन गीतें घ्या. १९१७ सालचें ‘मी नोचे त्रिस्ते’ ब्वेनोस आयरेसच्या वस्त्यांतील ‘लुन्फार्दो’ बोलीनें रंगलेलें आहे. त्यांतला ‘पेर्कान्ता’ हा शब्द मीं निरागसपणें ‘स्त्री’ म्हणून वहींत उतरून घेतला होता! उलट १९३५ च्या ‘एल दिया के मे कियेरास’ची भाषा सर्वत्र समजेल अशी. ‘ज्या दिवशीं तूं माझ्यावर प्रेम करशील’ असा त्या मथळ्याचा अर्थ. आणि तो दिवस अजून उगवलेला नसल्यामुळें क्रियापद साध्या रूपांत न येतां अनिश्चय दाखविणाऱ्या रूपांत येतें. हें रूप समजावण्यास व्याकरणकारांना पानें लागतात. तरीहि पहिलें गीत मला अधिक जिवंत वाटतें, हें कबूल केलें पाहिजे.

त्या विदुषींनीं जातांना एक सूचना केली : जें गातां तेंच चाल सोडून म्हणत जा. म्हणून माझें सर्वांत आवडतें गीत, जुआन मानुएल सेर्रात यांचें ‘कान्तारेस’, घेऊन बसलों. आन्तोनिओ माचादो यांच्या कवितांना चाली लावून त्यांनीं १९६९ मध्यें जी ध्वनिमुद्रिका काढली तिच्यांतलें हें गीत. शेजारीं माचादोंचें पुस्तक उघडून ठेवलें. गाण्यांत एकामागून एक येणारे चरण पुस्तकांत निरनिराळ्या क्रमांकांखालीं दूरदूर विखुरलेले आढळले. त्या मुळांत वेगवेगळ्या चिमुकल्या कविता होत्या. आणि कवि घरापासून दूर वारला, असें सांगणारें जें कडवें मीं वर्षभर माचादोंचें म्हणून डोळे मिटून गात होतों, तें पुस्तकांत कोठेंच सांपडेना. तें सेर्रात यांनीं पदरचें घातलेलें आहे. माचादो १९३९ सालीं स्पेन सोडून फ्रान्समधील कोल्यूर येथें वारले. आपल्या मरणाविषयीं ते भूतकाळांत कसे लिहितील, हा प्रश्न मला तालाच्या भरांत एकदांहि पडला नव्हता. क्रियापद तर समोरच होतें : ‘तो गायला’च्याच जातीचें, शेवटच्या अक्षरावर आघात असलेलें.