अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब आणि नाकारलेले नियोजन खाते

आसनगावला जयंतीच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने विचारले, "अर्थशास्त्रज्ञ चांगला राजकीय नेता होऊ शकतो काय?" वक्त्याने डॉ. मनमोहनसिंगांचे नाव घेतले, १९९१ चा अर्थसंकल्प आणि २००५ चा रोजगार हमी कायदा सांगितला आणि विषय आटोपला. (त्या कायद्याचे मूळ महाराष्ट्राच्या योजनेत आहे आणि ती मांडणारे वि. स. पागे अर्थशास्त्रज्ञ नव्हते, हेही सांगायला हवे होते.) ज्यांच्या जयंतीचा मांडव होता त्यांचे नाव मात्र कोणी घेतले नाही. मलाही ते घरी परतताना आठवले.

हा विसर आपला आहे. प्रस्थापितांनी बाबासाहेबांना घटनेपुरते ठेवले हे खरे. पण पुतळ्याच्या हातात एकच ग्रंथ आपणही दिला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा १९२३ चा ग्रंथ आपल्या किती वाचनालयांत आहे?

लहान धारणक्षेत्रांवरचा त्यांचा १९१८ चा निबंध मी शहापूर-मुरबाडकडे पाहत वाचतो. जमिनीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे जाणकार म्हणत. बाबासाहेबांनी हे मानले नाही. शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि राबणारे हात किती, यावर ठरते. जमिनीवरची जादा माणसे उद्योगांत गेली पाहिजेत, हा त्यांचा निष्कर्ष. आमच्याकडे भाताचे एक पीक निघाले की कातकरी कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जाते. माणसे शेतीबाहेर गेली खरी, पण उचलीत अडकून गेली. येथे हा निबंध मला अपुरा वाटतो. श्रम कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न त्यात नाही.

तो प्रश्न नेत्याने हाती घेतला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक, १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा. विधेयक संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला. यश हीच कसोटी लावायची तर बाबासाहेब १९५२ ची लोकसभा निवडणूक हरले, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. मग ते 'चांगले नेते' नव्हते काय?

मला बोचते ते वेगळेच. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी सांगितले आहे की, नियोजन खाते देण्याचे आश्वासन त्यांना मिळाले होते. ते खाते मात्र मिळाले नाही. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राच्या पदव्या घेतलेला, १९४२ ते १९४६ मजूरमंत्री म्हणून पाणी आणि विजेच्या योजना हाताळलेला माणूस मंत्रिमंडळात असताना! तेव्हा अर्थशास्त्रज्ञ चांगला नेता होतो का, ही परीक्षा या देशाने अस्पृश्याच्या घरी जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाची नीट घेतलीच नाही.

तानसा आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. त्या विद्यार्थ्याचे घर अशाच एका पाड्यावर आहे. १९१८ च्या निबंधाची प्रत मी त्याला दिली आहे. तो भांडायला येईल, अशी वाट पाहतो आहे.