दोन बोटांत फिरणारी पुशरॉड

जुन्या बुलेटच्या इंजिनाला उजव्या अंगाला, सिलिंडरच्या पायथ्याशी, एक छोटेसे झाकण असते. मधला एकच नट सोडवला की ते अलगद हाती येते आणि आत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सडपातळ दांड्या दिसतात. या पुशरॉड. इंजिन थंड असावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. मग दांडी अंगठा आणि तर्जनीत धरून आपण फिरवून पाहायची. ती गरकन फिरली पाहिजे, पण वरखाली केसभरही हलता कामा नये. एवढे साधले की टॅपेट बसले! ना फीलर गेज, ना आकडा. मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर तारेखालचा दोरा सरकवत सरकवत जिथे एकाएकी थांबतो, तिथे जवारी खुलते. ही जागाही त्याच जातीची, सांगून न कळणारी, बोटांनाच सापडणारी. (ती जुळवायला पाने मात्र तीन लागतात आणि हात दोनच असतात, हा रसभंग सोसावा लागतो.)

हे बिडाच्या सिलिंडरचे इंजिन मुळात इंग्लंडातल्या रेडिचचे; १९५५-५६ च्या सुमारास ते मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला आले आणि माहेर ओस पडल्यावरही इथे नांदत राहिले. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. म्हणजे सिलिंडर रुंदीपेक्षा खोल, आणि ३४६ सीसीच्या त्या विहिरीत पिस्टन सावकाश चढतो, उतरतो. वजनदार फ्लायव्हीलच्या संगतीने दोन फेऱ्यांत एकदा पडणारा तो धीमा ठोका याच खोलीतून येतो.

घरी इंजिन उतरवले की बोरिंगचे काम लेथवाल्याकडे जाते, पण व्हॉल्व्ह घासण्याचे सुख कुणाला देऊ नये. सीटवर ग्राइंडिंग पेस्टचे बोट फिरवायचे, व्हॉल्व्हला रबरी चोखणीची काठी चिकटवायची आणि ताक घुसळल्यासारखी ती दोन तळहातांत मागेपुढे फिरवायची. आधी वाळू रगडल्यासारखा खरखरीत आवाज येतो. पेस्टचे कण झिजत जातात तसा तो मऊ होतो, आणि शेवटी रेशमावरून हात फिरावा इतका हळू. पुसून पाहावे तर व्हॉल्व्हच्या कडेला राखी रंगाचे, कुठेही न तुटलेले एक वलय उमटलेले असते. हेड उलटे करून त्यात रॉकेल ओतायचे. घटकाभराने पोर्टमध्ये ओल नसली की त्या वलयाकडे पुन्हा एकदा पाहून घ्यावे. एवढी सुबक गोष्ट आता अंधारात जायची असते.

सिलिंडर उतरवल्यावर क्रँककेसच्या तोंडात फडके कोंबावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. मीही विसरलो. गजन पिनचे लॉक पकडीतून उडाले आणि नेमके त्या काळोखात गेले. जुन्या स्पीकरचे चुंबक तारेला बांधून मी तासभर विहिरीत गळ टाकून बसलो होतो.

पण माझे सर्वांत लाडके स्थान हेडलाइटवरचा अ‍ॅमीटर. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची, किल्ली फिरवायची आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे. पॉइंट मिटले की काटा डावीकडे झुकतो. ज्या क्षणी ते उघडतात त्या क्षणी सुटका झाल्यासारखा मध्यावर येतो. तेव्हा पिस्टन माथ्यापासून ०.८ मिलिमीटर खाली, चढतीवर असला पाहिजे. बॅटरी किती खर्चते आहे हे सांगायला बसवलेला हा काटा ठिणगीचा मुहूर्तही सांगतो, आणि किक मारणाऱ्याला पिस्टनचा ठावठिकाणाही.

सगळे जुळवून झाले त्या संध्याकाळी मी त्याच काट्याकडे पाहत किक हळूच दाबली. ती घट्ट लागली. डिकॉम्प्रेसर ओढला, किक जराशी पुढे ढकलली, लीव्हर सोडला, किक वर येऊ दिली आणि अंगाचा सारा भार टाकला. पहिल्या खेपेला नुसता खोकला. दुसऱ्या खेपेला परातीत उरलेले जुने नट थरथरू लागले. मी खाली बसून झाकणापाशी कान नेला. त्या जड ठोक्यांच्या आडून टॅपेटची बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येत होती.